शब्द टाकणारी माणसं

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं की टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या रानांपलीकडे एकेक करून मोठाल्या तबकड्या दिसायला लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा एकूण ३०. त्यांतल्या १४ खोडदजवळ दाटीनं उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना फाकत, जवळपास २५ किलोमीटरच्या टप्प्यात, वेगवेगळ्या गावांच्या शिवारांत. कागदोपत्री नाव 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप', आमच्या भागात ती खोडदची दुर्बीण. मी घोडेगावात विज्ञान शिकवत होते तेव्हा फेब्रुवारीअखेर, राष्ट्रीय विज्ञान दिनाला ती सगळ्यांना पाहायला खुली असते म्हणून, वर्गातल्या मुलांना मंचरमार्गे तिथं नेत असे. "बाई, ही कुणी बांधली?" असं मुलं विचारायची. मी सांगायचे, गोविंद स्वरूप यांनी. पण ते स्वतः हे काम कुठं शिकले आणि कुणी त्यांना तिथं धाडलं, हे सांगण्याएवढा वेळ सहलीत नसायचा.

आता निवृत्तीनंतर माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा प्रश्न निराळा असतो. आहुपे, तिरपाड, पोखरी अशा वरच्या गावांतली ही मुलं. घोडेगावच्या वसतिगृहात राहून शिकलेली, आता पुण्याला अभियांत्रिकीला किंवा बी.एस्सी.ला असलेली. घरी भाताची खाचरं आणि हंगामात हिरडा गोळा करायचं काम. वर्गातली शहरी मुलं सुट्टीत जर्मनीला, कॅनडाला जाऊन दोन-तीन महिने एखाद्या प्रयोगशाळेत काम करून येतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. मग विचारतात, "बाई, परदेशातली इंटर्नशिप मिळते तरी कशी?"

त्यांना मी आधी इतिहास सांगते. कारण अर्ज कुठं भरायचा हे मोबाइलवर कळतं, पण आपल्या मुलखातली माणसं बाहेर जाऊन काम शिकून आली ती कशाच्या बळावर, हे तिथं कळत नाही. मी जेवढ्या हकिकती वाचल्या त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसली. हुशारी होती, चिकाटी होती, पैसाही कुठून तरी उभा राहिला. पण त्याआधी कुणीतरी कुणासाठी तरी शब्द टाकला होता. दार त्या शब्दानं उघडलं.

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून करावी लागते. जन्म कल्याणचा, १८६५ चा. गोपाळराव कोल्हापुरात नोकरीला असताना त्यांनी १८७८ मध्ये अमेरिकी मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं, की पत्नीला अमेरिकेत शिकवायचं आहे, काही सोय होईल का. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच होते. जोशी दांपत्य धर्म बदलायला तयार नव्हतं, त्यामुळे त्या बाजूनं मदत झाली नाही. पण वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंच्या तो हाती पडला. दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना त्यांनी तो वाचला असं सांगतात. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवलं आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या तेव्हा न्यायला कार्पेंटर बाई आल्या होत्या आणि राहायला त्यांचंच घर होतं.

समुद्र ओलांडला की जात जाते, असं मानणारा तो काळ. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या, महाविद्यालयात उभं राहून आनंदीबाईंनी आपण का जातोय हे लोकांना सांगितलं होतं. तिथं पोचल्यावर त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला जे अर्जाचं पत्र लिहिलं, त्याचा आशय मी आजच्या मुलामुलींना मुद्दाम सांगते. आपली तयारी सर्व बाबतींत प्रवेशाच्या अटींइतकी नाही, हे त्यांनी लपवलं नाही. पण घरच्यांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण इथवर आलो आहोत, आणि आपल्या देशात अशा असंख्य बायका आहेत ज्या पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील, त्यांच्यासाठी हे शिक्षण हवं आहे, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. अर्जात काय असावं हे त्या पत्रावरून शिकावं. आपण कोण, आपल्यात उणं काय, आणि हे शिकून कुणाच्या उपयोगी पडणार. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. पण क्षयानं २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वय बावीसही पुरं नव्हतं.

त्यानंतरच्या पिढीत एकट्यादुकट्या पत्राच्या जागी फंड आले. मुंबईच्या सर मंगळदास नथुभाईंच्या नावानं परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती होती. जुन्नरला लागून असलेल्या पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती बापट, ती घेऊन १९०४ मध्ये अभियांत्रिकी शिकायला एडिंबराला गेले. तिथं इंग्रजी राज्याविरुद्ध बोलल्यामुळे शिष्यवृत्ती गेली, आणि मग ते पॅरिसला जाऊन एका रशियन क्रांतिकारकाकडून स्फोटकांची विद्या शिकून आले. त्याच सुमाराला लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मांनी हिंदी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. अट एकच, शिकल्यावर इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही. सावरकर १९०६ मध्ये त्यांतल्या एका शिष्यवृत्तीवर गेले ते टिळकांच्या आणि शिवरामपंत परांजप्यांच्या शिफारशीवर.

याच काळात तळेगाव दाभाड्यात जे घडलं ते मला सगळ्यांत जवळचं वाटतं. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. प्रत्येक माणसानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभे करायचे. टिळकांनी या कल्पनेला जोर दिला. गोळा झालेल्या पैशातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पण काच करायची विद्या कुणाकडे होती? जपानमध्ये आणि अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तळेगावला आले आणि त्यांनी तिथं भट्टी लावली, माणसं तयार केली. पैसा फंडाच्या कारखान्यात शिकलेले कारागीर पुढे देशातल्या ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेले. एका माणसाची परदेशातली उमेदवारी परत येऊन शेकडो हातांत कशी पसरते, याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे.

आता मला कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याबद्दल सांगायचं आहे. ते मुंबईत शिक्षक होते, लेखक होते. संध्याकाळी बागेत वाचत बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेत भरला. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. कॉलेजचा खर्च घरच्यांना झेपेना, तेव्हा त्यांनी दामोदर सावळाराम यंदे यांच्यामार्फत बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्या मुलासाठी शब्द टाकला. महाराजांनी मुलाची भेट घेतली आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तो मुलगा भीमराव आंबेडकर. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची असा करार होता.

पुढचा भागही मुलांना सांगावा लागतो. १९१७ मध्ये करार पाळायला बाबासाहेब बडोद्याला आले, तेव्हा कोलंबियात शिकून आलेल्या या माणसाला गावात राहायला खोली मिळेना. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. परदेशातली विद्या माणसाला मोठं करते, पण परत आल्यावर गाव त्याला जागा देतं की नाही, हा प्रश्न त्या विद्येनं सुटत नाही. तो गावानं सोडवायचा असतो. १९२० मध्ये ते लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करायला निघाले, तेव्हा शाहू महाराजांनी दीड हजार रुपयांची मदत केली. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिकता यावं म्हणून सरकारी तरतूद करून घेतली. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. अनुसूचित जमातींसाठीही ती आहे. त्यांतल्या काही जागा कातकऱ्यांसारख्या विशेष दुर्बल जमातींसाठी राखलेल्या असतात. आमच्या आंबेगाव तालुक्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशी वस्ती आहे, त्यामुळे ही माहिती आमच्याकडच्या प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर असायला हवी.

मुलींना मी कमला सोहोनी यांची हकिकत सांगते. माहेरच्या भागवत. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर काम पाहून ठरवू अशा अटीवर घेतलं. त्या वर्षानंतर रामन यांचं मत बदललं आणि त्या संस्थेची दारं मुलींना उघडली. १९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या, त्याही सर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीच्या आधारानं. बापटांना एडिंबराला नेणारा आणि कमलाबाईंना केंब्रिजला पोचवणारा फंड एकच, हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं. कुणीतरी एकदा वेगळा काढून ठेवलेला पैसा तीन दशकांनी दुसऱ्याच मुलीच्या कामी आला.

केंब्रिजच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेव्हा जागा नव्हती. डेरेक रिक्टर या संशोधकानं दिवसा वापरायला स्वतःची जागा त्यांना दिली. परदेशी प्रयोगशाळेत पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याला अशी एक टेबलाची जागा लागते, आणि ती देणारं माणूस लागतं. पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. पण मला त्यांचं नंतरचं काम जास्त मोलाचं वाटतं. मुंबईत परतल्यावर त्यांनी नीरा, डाळी, तांदळाचं पीठ अशा गरिबांच्या अन्नावर संशोधन केलं. आदिवासी वस्त्यांतल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना नीरेचा कसा उपयोग होतो, हे त्यांच्या अभ्यासातून पुढं आलं. केंब्रिजमध्ये शिकलेलं तंत्र त्यांनी अशा ठिकाणी वापरलं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर या सगळ्या प्रकाराला व्यवस्थेचं रूप आलं. जानेवारी १९४८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात युरोपातल्या दहा देशांच्या लोकांनी 'आयेस्ते' ही संघटना काढली. तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलांनी सुट्टीत दुसऱ्या देशातल्या कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करायचं आणि तिथल्या राहण्याजेवणापुरता पैसा काम देणाऱ्यानं द्यायचा. ज्या देशाची जितकी मुलं घेतली, त्या देशानं तितक्या जागा द्यायच्या. युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या युरोपातल्या देशांनी आपली मुलं एकमेकांच्या घरी शिकायला पाठवली. आज जिला आपण इंटर्नशिप म्हणतो तिची आंतरराष्ट्रीय देवघेव अशी सुरू झाली. आपल्या बाजूला कोलंबो योजना आली. राष्ट्रकुलातल्या देशांची जानेवारी १९५० मध्ये कोलंबोला बैठक झाली आणि १९५१ पासून आशियातल्या तरुणांना ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्रिटन अशा देशांत प्रशिक्षणाला पाठवणं सुरू झालं.

याच योजनेतून खोडदच्या दुर्बिणीची गोष्ट सुरू होते. गोविंद स्वरूप उत्तर प्रदेशातल्या ठाकूरद्वाऱ्याचे, जन्म १९२९ चा. अलाहाबादला एम.एस्सी. करून ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत लागले. तिथले संचालक के. एस. कृष्णन १९५२ मध्ये रेडिओविज्ञानाच्या जागतिक परिषदेसाठी सिडनीला गेले होते. युद्धात रडारवर काम केलेले ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ तेच तंत्र आता आकाशातल्या रेडिओलहरी ऐकायला वापरत आहेत, हे त्यांनी तिथं पाहिलं. परत येऊन त्यांनी स्वरूप यांना त्या विषयाकडे वळवलं आणि १९५३ मध्ये, कोलंबो योजनेच्या फेलोशिपवर, कोडईकॅनालच्या वेधशाळेतल्या आर. पार्थसारथी यांच्याबरोबर त्यांची सिडनीला रवानगी झाली. स्वरूप तेव्हा २४ वर्षांचे.

सिडनीत रेडिओ-खगोलशास्त्राचा गट जो पॉसी चालवत. त्यांनी या दोघांना एकाच कामाला जुंपलं नाही. पहिल्या वर्षात क्रिस्टियन्सेन, वाइल्ड, मिल्स आणि बोल्टन अशा चार जणांच्या हाताखाली आळीपाळीनं तीन-तीन महिने काम करायला सांगितलं. प्रत्येकाचं यंत्र वेगळं, पद्धत वेगळी. क्रिस्टियन्सेनकडे सूर्याच्या रेडिओ-चित्रासाठी लागणारी लांबलचक आकडेमोड हातानं करावी लागे. तीही स्वरूप यांनी केली. शिकाऊ माणसाला कसं शिकवावं याचा मला हा उत्तम नमुना वाटतो. त्याला चार गुरूंकडे फिरवावं, कंटाळवाणं कामही द्यावं आणि मग त्याचं स्वतःचं काहीतरी करू द्यावं.

दुसऱ्या वर्षी तेच झालं. सिडनीजवळ पॉट्स हिल इथं क्रिस्टियन्सेन यांनी ३२ लहान तबकड्यांची एक ओळ उभी केली होती, प्रत्येकी सहा फूट व्यासाची. स्वरूप आणि पार्थसारथी यांनी ती वेगळ्या तरंगलांबीसाठी बदलून घेतली आणि तिच्यावर सूर्याची निरीक्षणं केली. क्रिस्टियन्सेन आता दुसरीकडे मोठं यंत्र उभारत होते, या तबकड्या मोडीत निघणार होत्या. स्वरूप यांनी पॉसींना विचारलं, या भारताला देता येतील का? पॉसींनी होकार दिला आणि कृष्णन यांनी पाठिंबा दिला. एका प्रशिक्षणार्थ्यानं आपल्या देशासाठी मागितलेली ही वस्तू. बोटीनं ती इकडे आणायच्या खर्चाचा प्रश्न निघाला आणि बराच काळ गेला. तोवर स्वरूप अमेरिकेत गेले, स्टॅनफर्डला ब्रेसवेल यांच्याकडे त्यांनी पीएच.डी. केली. १९६१ मध्ये परदेशातल्या चार भारतीय रेडिओ-शास्त्रज्ञांनी मिळून होमी भाभांना लिहिलं, की आम्ही परत येऊन इथं काम उभं करायला तयार आहोत. भाभांनी होकार कळवला आणि १९६३ मध्ये स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले.

ऑस्ट्रेलियाच्या त्या ३२ तबकड्या अखेर १९६५ मध्ये कल्याणला उभ्या राहिल्या. जुन्नरहून नाणेघाटानं खाली उतरलं की जो प्राचीन व्यापारी रस्ता जातो तो याच कल्याणला. सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदरात उतरलेला परदेशी माल आणि माणसं त्या घाटानं वर येत असत. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आजही वाचता येतात. आनंदीबाईंचं जन्मगावही कल्याणच. त्यांच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी सिडनीतलं शिक्षण तिथं यंत्राच्या रूपात उभं राहिलं. तिथं तयार झालेल्या तरुणांना घेऊन स्वरूप यांनी १९७० पर्यंत उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब दुर्बीण उभारली. डोंगराचा उतार आणि तिथला अक्षांश सारखा, त्यामुळे एकाच आसावर फिरवून आकाशातल्या वस्तूचा तासन्‌तास पाठलाग करता येतो.

मग १९८० च्या दशकात खोडदची जागा निवडली गेली. टीव्ही-रेडिओ-कारखान्यांचा गोंगाट कमी, भोवती डोंगरांचा आडोसा, दक्षिणेचं आकाशही दिसेल असा अक्षांश, आणि पुणं-मुंबई जवळ. जड पोलादी तबकडी परवडण्यासारखी नव्हती. म्हणून ताणलेल्या दोरांच्या चौकटीवर बारीक तारांची जाळी बसवण्याची रचना स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि खर्च आवाक्यात राहिला. २००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांना वापरायला खुली आहे. ज्या विद्येसाठी १९५३ मध्ये भारतातल्या तरुणाला सिडनीला जावं लागलं, तिच्यासाठी आता परदेशी संशोधक जुन्नर तालुक्यात वेळ मागतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या 'स्क्वेअर किलोमीटर ॲरे' या महाप्रकल्पात भारत सदस्य आहे आणि पुण्याची मंडळी त्यात काम करत आहेत. उतरत्या वयात स्वरूप यांनी वि. गो. भिडे यांच्यासह विज्ञानशिक्षणाच्या नव्या संस्थांची कल्पना मांडली. तशी एक संस्था, आयसर, २००६ मध्ये पुण्यात निघाली. ७ सप्टेंबर २०२० ला ते गेले.

हा सगळा इतिहास सांगून झाला की मी मुलांच्या अर्जाकडे वळते. आजचे मार्ग बरेच आहेत. कॅनडाची 'मायटॅक्स ग्लोबलिंक' ही बारा आठवड्यांची संशोधन इंटर्नशिप आहे, आयेस्ते अजून चालू आहे, जिनिव्हाजवळच्या 'सर्न'मध्ये उन्हाळी विद्यार्थी घेतात. आणि सगळ्यांत जुना मार्गही उघडा आहे, सरळ एखाद्या प्राध्यापकाला पत्र लिहायचा. पण घोडेगावच्या मुलाची अडचण इथं वेगळी असते. शाळेच्या दाखल्यावर नाव एक, आधारवर दुसरं, म्हणून पासपोर्ट अडतो. सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी असतात, दोन-तीन महिन्यांच्या इंटर्नशिपच्या विमानाच्या तिकिटाला त्या उपयोगी पडत नाहीत. बऱ्याच ठिकाणी तिकीट आधी आपण काढायचं आणि पैसे मागून मिळायचे. ज्या घरात हिरड्याच्या पैशावर बियाणं येतं, तिथं ते आगाऊ पैसे आणायचे कुठून? आणि या सगळ्याच्या वर शिफारसपत्र. मोठ्या वर्गातल्या, मागे बसणाऱ्या, इंग्रजी बोलायला बिचकणाऱ्या मुलीला प्राध्यापक ओळखतच नाहीत. मग तिच्याविषयी लिहिणार काय?

वरच्या गावातली एक विद्यार्थिनी पत्राचा मसुदा घेऊन आली होती. मी मेहनती आहे, जिज्ञासू आहे, असं पानभर लिहिलेलं. मी विचारलं, "हातानं काय केलंयस?" ती म्हणाली, "काही विशेष नाही बाई. कॉलेजच्या प्रकल्पात हिरडा वाळवायला सौरपेटी केली. घरी अंगणात पसरला की वळवाच्या पावसात भिजतो, काळा पडतो, भाव पडतो. पेटीत ओलावा किती कमी होतो ते रोज मोजून लिहिलं." मी तिला पहिलं पान बाजूला ठेवायला सांगितलं आणि हे लिहायला लावलं. कशासाठी केलं, काय मोजलं, काय चुकलं, पुढं काय शिकायचंय. ज्यांचा वाळवणीवरचा लेख तिनं वाचला होता त्यांना ते पत्र गेलं. तिच्या प्रकल्पाचे मार्गदर्शक आणि मी, दोघांनी तिच्याविषयी स्वतंत्र पत्रं लिहिली. उत्तर आलं, बोलावणं आलं. तिकिटाचे पैसे गावातल्या काही माणसांनी मिळून उसने दिले. ते परत आले आणि आता दुसऱ्याच्या तिकिटासाठी तसेच बाजूला ठेवले आहेत.

जुन्नर-आंबेगावात पतसंस्था, दूधसंस्था, शाळांच्या संस्था भरपूर आहेत. तिकिटापुरता फिरता निधी उभा करणं त्यांच्या ताकदीबाहेर नाही. तळेगावचा कारखाना तर माणशी एका पैशावर निघाला होता. पहिली पायरी म्हणून परदेशच गाठायला हवा असंही नाही. पुण्यात दर डिसेंबरात महाविद्यालयीन मुलांसाठी रेडिओ-खगोलशास्त्राची हिवाळी शाळा भरते. खोडदसारख्या ठिकाणी थोडे दिवस काम केलेल्या मुलाच्या अर्जाला जगात कुठंही वजन येतं.

माझं मुख्य मागणं माझ्याच व्यवसायातल्या लोकांकडे आहे. केळुसकर गुरुजी कुणी संस्थानिक नव्हते, त्यांच्याकडे पैसा नव्हता. त्यांनी एका मुलाला वाचताना पाहिलं, त्याच्याशी बोलले आणि योग्य माणसाच्या कानावर त्याचं नाव घातलं. कृष्णन यांनी परिषदेत पाहिलेली गोष्ट आपल्या हाताखालच्या तरुणाला सांगितली. एवढं काम घोडेगावच्या, मंचरच्या, जुन्नरच्या प्रत्येक शिक्षकाला करता येतं. त्यासाठी मुलांना नावानं ओळखावं लागतं, त्यांनी हातानं केलेलं काम बघावं लागतं आणि मग त्याबद्दल खरं, नेमकं, पानभर पत्र लिहावं लागतं. मुलांनीही हे पत्र मागायला लाजू नये. आनंदीबाईंपासून स्वरूप यांच्यापर्यंत सगळ्यांनी ते मागितलं होतं किंवा कुणीतरी त्यांच्यासाठी लिहिलं होतं. आणि ज्यांना ते मिळालं त्यांनी परत आल्यावर पुढच्यासाठी लिहायचं, एवढी एकच अट मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला घालते.